पावसाळा आत काढलेला वड उन्हात नेताना

(मंडळाच्या श्रावण महिन्यातील सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, आम्ही वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक नव्हे. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो, पहिली अकरा वर्षं पेडण्यात गेली आणि आता डिचोलीत आहोत. आम्ही म्हणजे घरातले दोघं. झाडं दोघांची, पाणी घालण्याच्या पाळ्या दोघांच्या, त्यामुळे या विषयावर बोलताना 'मी' म्हणायची सोय नाही. घरी लहानमोठे सव्वीस वामनवृक्ष आहेत. वड, नांदरूक, उंबर, चिंच, बोगनवेल, तीन अडेनियम. बोन्सायला मराठीत वामनवृक्ष हा शब्द कुणी दिला ठाऊक नाही, पण गोड आहे, आणि वामन जयंती भाद्रपद शुद्ध द्वादशीला, म्हणजे आपल्या गणपतीच्या दिवसांतच येते, एवढाही योग आम्हाला पुरेसा आहे.

आजचा विषय निघाला तो एका प्रश्नावरून. मंडळातले बरेच जण आम्हाला फेब्रुवारी-मार्चमध्ये विचारतात, "थंडी संपली, आता झाड बाहेर काढायचं ना?" हा प्रश्न पुस्तकांतून आलेला आहे. बोन्सायची बहुतेक पुस्तकं जपान, अमेरिका, युरोपकडची. तिथं वडासारखं उष्ण प्रदेशातलं झाड बर्फात मरतं, म्हणून ऑक्टोबरात आत घ्यायचं आणि मे महिन्यात बाहेर काढायचं. जेरी माइस्लिक नावाच्या गृहस्थांनी वड-पिंपळाच्या कुळातल्या बोन्सायवर एक उत्तम पुस्तक लिहिलं आहे, आणि ते राहायचे मोंटानात, म्हणजे अमेरिकेतल्या भरपूर बर्फाच्या राज्यात. आपल्या वडाबद्दल आपल्याला मोंटानातल्या माणसानं सांगावं याची गंमत वाटते, पण झाड चार भिंतींत जगवायची वेळ त्यांच्यावर आली होती, म्हणून त्यांना कळलं.

आपल्या गोव्यात थंडीसाठी झाड आत घ्यायची वेळ येत नाही. पौषातली पहाट डिचोलीत जरा बोचते, साखळीच्या पुढं आणखी, पण वडाला त्याचं काही नाही. आपल्याकडचा 'हिवाळा' म्हणजे पावसाळा. पुण्यात वर्षभरात साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे एकट्या जुलैत नऊशे-हजार पडतो. पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत नाही. मोठा वड त्यात मजेत असतो हे खरं, कुंडीतला वडही मृगात बाहेर ठेवला तर तरारून येतो. आम्हीही ठेवतो. पण आर्द्रा सुरू झाली की पसरट कुंडीतली माती कडेवरून वाहून जायला लागते, मुळं उघडी पडतात, आणि जी माती उरते ती पाणी सोडायला तयार नसते. अडेनियमची तर बुडापासून पेज होते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या गॅलरीत वाऱ्यानं कुंड्या खाली पडायची भीती असते. म्हणून आषाढात झाडं सोप्यावर, पडवीत, जिन्याखाली, हॉलच्या खिडकीशी येतात. ती पुन्हा बाहेर कशी न्यायची, तेवढंच आज बोलायचं आहे.

आधी पाण्याचं, कारण तो आमच्या शिक्षणाचा भाग आहे. हा भांडी घासायचा स्पंज. (येथे स्पंज दाखवला.) पाण्यात पूर्ण भिजवून आडवा धरला. ठिबकणं थांबलं. आता त्यात पाणी उरलेलं नाही असं वाटतं. हाच स्पंज, न पिळता, उभा धरतो. बघा, पुन्हा धार लागली. स्पंज तोच, पाणी तेच. उंची वाढली म्हणून पाणी सुटलं. कुंडीचंही तसंच आहे. तळाला भोकं कितीही असली तरी मातीच्या खालच्या थरात ठरावीक जाडीचं पाणी अडकून राहतं. उंच कुंडीत तो थर मुळांच्या बराच खाली असतो. बोन्सायची कुंडी तीन बोटं खोल, तिथं तो थर म्हणजेच जवळजवळ सगळी माती. म्हणून खडी जाड हवी. आम्ही मंगळुरी कौलांचे फुटके तुकडे कुटतो, तीन आणि सहा मिलिमीटरच्या दोन चाळण्यांतून काढतो आणि मधलं तेवढं वापरतो. चिऱ्याची खडी चालते, पण तिची भुकटी राहिली की चिखल होऊन भोकं बुजतात. ती धुऊनच घ्यावी. जुनं घर उतरवताना कौलं फेकून देतात, ती आम्हाला कळवा. हे मात्र आता करायचं काम नाही. माती बदलणं, मुळं छाटणं हे मृगाच्या तोंडावर. झाड आतून बाहेर नेताना मुळांना अजिबात हात लावू नये, एका वेळी एकच धक्का.

आता उन्हाचं. आपला डोळा फसवा आहे. हॉलमध्ये ट्यूब लावली की आपल्याला लख्ख वाटतं, आणि तिथं प्रकाश असतो दोन-तीनशे लक्स. खिडकीशी हजार-दोन हजार. बाहेरच्या उजळ सावलीत दहा हजारांच्या आसपास. आणि ऑक्टोबरातल्या भर दुपारी उघड्यावर एक लाख. आपल्या बुबुळाला हा फरक जाणवत नाही, पानाला जाणवतो. मोबाईलवर प्रकाश मोजायची ॲप मिळतात. फार अचूक नसतात, पण घरातल्या दोन जागांची तुलना करायला पुरतात. एकदा मोजून बघाच.

श्रावणात सावलीत फुटलेलं पान मोठं, पातळ, गर्द हिरवं असतं. मिळेल तो कण न् कण प्रकाश गोळा करायला झाडानं ते बांधलेलं असतं. उन्हातलं पान लहान, जाड, वरून मेणचट असतं. सावलीतल्या पानाला अचानक लाख लक्स दिले की त्यातलं हरितद्रव्यच जळतं. आधी पांढुरके डाग, मग तपकिरी, कागदासारखे. आणि हे पान नंतर सुधारत नाही. थोडंफार जुळवून घेतं, पण खरं उन्हाचं पान हे नव्यानंच फुटावं लागतं. म्हणून आपण जे तीन आठवडे देतो ते जुन्या पानांसाठी कमी आणि नव्या कोंबांसाठी जास्त. जुनी पानं तोवर झाडाला पोसतात, मग पिवळी होऊन गळतात. गळू द्यावीत.

इथं अमेरिकेतल्या नातेवाइकांचा आणि आपला फरक लक्षात घ्या, कारण व्हॉट्सॲपवरून सल्ले फिरत असतात. न्यू जर्सीतल्या घरात हिवाळाभर हीटर असतो, हवा कोरडी ठक्क. मे महिन्यात झाड बाहेर गेलं की त्याला उलट ओलसर, मऊ हवा मिळते. त्यांची चिंता दोनच, ऊन आणि रात्रीची थंडी. रात्र दहा-बारा अंशांच्या खाली जाईना झाली की झाड बाहेर. जर्मनीत बागवाले ११ ते १५ मे या पाच दिवसांना 'बर्फाचे संत' म्हणतात, शेवटच्या दिवसाचं नाव 'थंड सोफी', आणि ती जाईपर्यंत नाजूक झाड बाहेर काढत नाहीत. आपल्याकडे झाड चार महिने दमट हवेत राहिलेलं असतं आणि बाहेर पडतं ते नेमकं ऑक्टोबर हीटमध्ये. म्हणजे ऊनही वाढलं आणि हवाही कोरडी झाली, दोन्ही एकदम. मे महिन्यातलं ऊन कडक असतं तरी झाड फाल्गुनापासून त्याला सरावलेलं असतं. आमच्या मते कुंडीतल्या झाडाला गोव्यातला सगळ्यात कठीण महिना ऑक्टोबर, मे नव्हे.

मग नेमकं कधी काढायचं? आपल्याकडे 'चवथ झाली की कुंड्या बाहेर' असं म्हणणारे पुष्कळ आहेत. हे सोयीचं आहे, घर रंगवून, माटोळी बांधून पाहुणे येऊन गेलेले असतात, हॉल मोकळा करायचा असतो. पण २०२३ साली चतुर्थी १९ सप्टेंबरला होती आणि २०२५ साली २७ ऑगस्टला. तीन आठवड्यांचा फरक. चंद्राच्या तिथीला सूर्याचं काम सांगू नये. शेतकरी पावसाचा हिशेब सूर्याच्या नक्षत्रांवर ठेवतात, तो दरवर्षी त्याच तारखांना येतो. उत्तरा साधारण १३ सप्टेंबरला लागतं, हस्त २७ च्या सुमारास, चित्रा १० ऑक्टोबरच्या आसपास. आम्ही उत्तरात सुरुवात करतो. पाऊस असतो, पण मधूनमधून उघडीप असते, आभाळ ढगाळ असतं, हवेत ओल असते. झाडाला ऊन आणि कोरडेपणा एकदम न देता आधी ऊन थोडंथोडं देता येतं. पाऊस पूर्ण थांबायची, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वाट बघणारे झाडाला सरळ भट्टीत नेतात.

पहिले पाच-सहा दिवस उजळ सावली. घराची पूर्वेची वळचण उत्तम. ज्यांच्याकडे जुनी घरं आहेत त्यांनी राजांगण वापरावं, त्याच्यासारखी जागा नाही. नंतर सकाळचं ऊन तासभर, साडेआठपर्यंत. तीन-चार दिवसांनी दोन तास. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दहापर्यंत. दुपारचं ऊन सगळ्यात शेवटी, तिसरा आठवडा संपताना, आणि तेही पश्चिमेच्या चिऱ्याच्या भिंतीजवळ नको. ती भिंत रात्री आठपर्यंत तापलेली असते, हात लावून बघा. नोकरी करणाऱ्यांना रोज कुंडी आतबाहेर करणं जमत नाही हे आम्हाला कळतं. त्यांनी अर्धी सावली देणारी हिरवी जाळी बांधावी. गावाकडे झावळ्यांचा माटव घालतात तो तर जाळीपेक्षा चांगला, कवडसे पडतात आणि सरकत राहतात. झावळ्या सुकून विरळ होत जातात तसं ऊन आपोआप वाढतं. खिडकीशी राहिलेलं झाड एका बाजूला झुकलेलं असतं, ते दर चार दिवसांनी पाव वळण फिरवावं. अडेनियमला मात्र फिरवायची घाई नको. त्याच्या फुगीर खोडाची सावलीत राहिलेली बाजू एकदम पश्चिमेला आली तर सालच भाजते.

पाण्याचा अंदाज याच तीन आठवड्यांत चुकतो. आत होतं तेव्हा चार दिवसांतून एकदा पुरत होतं, बाहेर आल्यावर रोज लागतं, दिवाळीनंतर कदाचित दोनदा. घड्याळ लावून पाणी घालू नये. देवापुढची उदबत्ती संपली की मागं काडी उरते, ती जमवून ठेवा. मातीत दोन बोटं खोचून दहा मिनिटांनी काढा. काडी ओली, गडद दिसली तर थांबा. फिकट, कोरडी दिसली तर भरपूर घाला, खालून वाहीपर्यंत. खत नवं पान पूर्ण उलगडेपर्यंत देऊ नका.

बाहेर काढण्याआधी पानं उलटून बघायचीच. बंद जागेत वारा नसतो, तिथं पिठ्या ढेकूण आणि खवले कीड निवांत वाढते. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली तर समजा वर काहीतरी गोड चाललं आहे. जोरदार पाण्यानं धुवावं, राहिलंच तर रिठ्याच्या पाण्यात कडुलिंबाचं थोडं तेल घालून संध्याकाळी फवारावं. सकाळी नको, तेलाचं पान उन्हात भाजतं. कुंडीच्या तळाला गोगलगाई चिकटलेल्या असतात, त्या हातानं काढाव्यात.

पेडणे आणि डिचोली दोन्हीकडे हीच झाडं आम्ही सांभाळली, म्हणून एक फरक सांगता येतो. पेडण्याच्या किनाऱ्याकडे, मोरजी, मांद्रे, हरमल, केरी, तिथं शत्रू खारा वारा. ऑक्टोबरनंतर पाऊस पानं धुवायला येत नाही आणि दुपारच्या वाऱ्यातलं मीठ पानावर बसतं. पानाची फक्त कड तपकिरी झाली तर ते ऊन नव्हे, मीठ. उन्हाचा डाग पानाच्या मध्यावर, वरच्या अंगाला असतो. उपाय साधा, संध्याकाळी पानांवरून गोडं पाणी. डिचोलीकडे समुद्र नाही, पण लाल धूळ आहे. ती पानावर बसली की आपण तीन आठवडे कष्टानं मिळवून दिलेला प्रकाश फुकट जातो. तिथंही पानं धुणं, पण सकाळी. शिवाय घाटाकडून येणारा पहाटेचा कोरडा वारा डिचोलीत आधी पोचतो, त्यामुळे वडाच्या पारंब्यांची टोकं इथं लवकर वाळतात. श्रावणात दमट हवेत त्या पांढऱ्याशुभ्र फुटलेल्या असतात. ज्या ठेवायच्या असतील त्यांच्याभोवती शहाळ्याची नळी उभी चिरून बसवायची आणि आत ओलं शेवाळ भरायचं. पारंबी मातीला टेकली की नळी काढून टाकायची.

आता आमच्या वडाबद्दल सांगायला हवं, कारण तो पुष्कळांनी पाहिला आहे. पेडण्यात असताना घराजवळ रस्त्याच्या वळणावर मोठा वड होता. वटपौर्णिमेला आजूबाजूच्या बायका तिथं जमायच्या. रस्ता रुंद व्हायचा होता, वड गेला. आम्ही तक्रार करणार नाही, आमचंही पोट बांधकामावर आहे आणि त्या रस्त्यानं आम्हीही जातो. वड आडवा झाला त्या दिवशी अंगठ्याएवढ्या जाडीच्या तीन फांद्या घरी आणल्या. चीक वाळू दिला, पानं काढली, वाळूत खोचल्या. मे अखेरीचे दिवस, वर पाऊस आला, दोन रुजल्या. एक गावातच माळावर लावली, ती गुरांनी खाल्ली. दुसरी कुंडीत आहे. त्या वडाचं आता जगात एवढंच उरलं आहे, तीन बोटं मातीत.

डिचोलीला आलो त्या वर्षी ज्येष्ठात शेजारच्या काकू विचारत आल्या, वडाची फांदी तोडून आणण्यापेक्षा तुमच्या कुंडीतल्या वडाची पूजा केली तर चालेल का. चालेल म्हटलं. पहिल्या वर्षी पाच जणी होत्या, आता अंगणात रांग लागते. त्यातल्या दोघी पेडण्याच्याच, मोठ्या वडाला फेरे घातलेल्या. त्यामुळे हे झाड दरवर्षी ऑक्टोबर पार करतं की नाही, याची चौकशी आमच्यापेक्षा इतर घरांतच जास्त होते.

यात एक नाजूक बाब आहे. पूजेचं सूत. मोठ्या खोडाला त्याचं काही वाटत नाही, पण आमच्या वडाचं खोड मनगटाएवढं. पावसाळ्यात ते जाड होतं आणि ओलं सूत सालीत रुततं, खाली बुरशी धरते. काकूंनीच तोडगा काढला: सूत खोडाला न गुंडाळता कुंडीभोवती गुंडाळायचं. मनापासून सांगतो, इतकी चांगली तांत्रिक सूचना आम्हाला ऑफिसातही क्वचित मिळते.

भाजलेल्या झाडाचं काय करायचं तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी मंडळातल्या एका घरातून नांदरूक आमच्याकडे आलं. त्यांच्या वडिलांनी वाढवलेलं, वडील जाऊन वर्ष झालेलं. अनंत चतुर्दशीनंतर कुणीतरी हॉलमधून ते थेट गच्चीवर नेलं. आठवड्यात सगळी पानं गळाली, मग तहान लागली असेल म्हणून रोज दोन वेळा पाणी. घरच्यांनी आशा सोडली होती, कुंडी तरी कुणाच्या उपयोगी पडावी म्हणून घेऊन आले. नखानं साल जरा खरवडली, आत हिरवी होती. टोकाच्या बारीक काड्या मेल्या होत्या, जाड फांद्या जिवंत. पानं नसलेलं झाड पाणी पीतच नाही. आधी जळलं ते उन्हानं, पण मेलं असतं ते पाण्यानं. कुंडी तिरकी ठेवून साचलेलं पाणी काढलं, स्पंजाचाच हिशेब, आणि झाड उजळ सावलीत ठेवलं. कात्री लावली नाही. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास पहिले लालसर कोंब दिसले. ती पानं सावलीत उलगडू न देता लगेच सकाळच्या उन्हाशी आणली, म्हणून ती जन्मतःच जाड निघाली. झाड त्यांच्या घरी परत गेलं आहे. मालक आज शेवटच्या रांगेत बसलेत, हसतायत.

निरोगी नांदरुकाची सगळी पानं आपणच काढून टाकून मग उन्हात नेणारेही काही जण आहेत. चालतं, पण झाड जोमात असेल तरच, आणि उंबर-पिंपळाच्या बाबतीत आम्ही तरी धजत नाही.

चिंचेला आणि बोगनवेलीला एवढी बडदास्त लागत नाही, आठवडाभर सावली पुरे. अडेनियमचं बूड बाहेर काढायच्या आधी बोटांनी दाबून बघा. टणक असेल तर ठीक, मऊ लागलं तर ऊन देऊन उपयोग नाही, कुजका भाग कापून, सुकवून पुन्हा लावावं लागेल.

प्रश्नांसाठी चहानंतर थांबतो. कडीला दोन तयार काड्या आणि चाळण्या ठेवल्यात, बघून घ्या. आमच्या वडाची छाटणी येत्या ज्येष्ठात आहे, चार-पाच फांद्या निघतील. कुंडीत लावणाऱ्यांपेक्षा जमिनीत लावायला जागा असेल आणि भोवती गुरांपासून कुंपण घालणार असतील, अशांना आधी देऊ. कार्यवाहांकडे वही ठेवली आहे, त्यात नाव आणि गाव लिहा. पेडण्याकडचं कुणी असेल तर त्यांनी जरूर लिहावं.